मैनेचा डावा गाल

ते चित्र भिंतीवर आले तेव्हा शमशुद्दीनच्या दाढीत काळा केस शोधावा लागत होता. त्याआधी कित्येक वर्षे ते पागेच्या गवताच्या कोठीत, गोणपाटात गुंडाळून, भिंतीकडे तोंड करून उभे होते. उंदरांनी चौकटीचा एक कोपरा कुरतडला होता, पण कॅनव्हास शाबूत होता. शमशुद्दीनची बायको खैरुनबी हिने मऊ कोरड्या फडक्याने, नवऱ्याने बजावले होते तशा हलक्या हाताने, त्यावरची धूळ टिपली आणि मग फडके हातात तसेच धरून ती जमिनीवर बसून राहिली.

"तश्शीच हाय," ती म्हणाली. "आत्ता मान हलवून गूळ मागंल."

चित्रात एक सब्जी घोडी होती. करड्या-पांढऱ्या जनावराला पागेत सब्जी म्हणत. तिने मान किंचित वळवलेली होती, त्यामुळे डावा गाल पुढे आला होता आणि कलत्या दुपारचे ऊन त्या गालावरून तिरपे उतरत होते. घोडीचे नाव मैना. याहून चांगले चित्र आपल्या हातून झाले नाही, असे शमशुद्दीन स्वतःच म्हणे. आणि मैना जिवंत असेपर्यंत तेच चित्र त्याने कोणाच्या दृष्टीस पडू दिले नव्हते.

मैना जन्मली तेव्हा संस्थानच्या महाराजांना गादीवर येऊन चार-पाच वर्षे झाली होती. शमशुद्दीनचे वडील करीम दरबारच्या पागेत चाबूकस्वार होते. म्हणजे नव्या घोड्यांना स्वारीची सवय लावणे, बुजऱ्या जनावराची भीती काढणे हे त्यांचे काम. चाबूक त्यांच्या हुद्द्याच्या नावात होता, हातात क्वचितच दिसे. मुलाने हेच काम करावे असा त्यांचा आग्रह नव्हता. तबेल्याच्या भिंतीवर कोळशाने घोडे काढणाऱ्या या मुलाला त्यांनी दरबारच्या मदतीने मुंबईच्या कलाशाळेत धाडले होते. तिथे शमशुद्दीन माणसाची हाडे, स्नायू, कापडाची घडी, काचेवरचा उजेड असे सगळे काढायला शिकला. त्याचे एक वृद्ध शिक्षक विद्यार्थ्यांच्या पाठीमागे उभे राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत: "डोळ्यांना दिसते ते काढा. मनाला बरे वाटते ते नको." हे वाक्य त्याने इतके मनावर घेतले, की सुट्टीत घरी आल्यावर त्याने काढलेल्या आत्याच्या चित्रात तिच्या ओठावरची लव पाहून तिने महिनाभर अबोला धरला होता.

शिक्षण संपवून तो परत आला त्याच हिवाळ्यात पागेतली एक घोडी वीत असताना मेली. शिंगरू तेवढे वाचले. करीमने ते अंगरख्यात गुंडाळून थेट घरात आणले आणि चुलीजवळ ठेवले. खैरुनबी तेव्हा नवी सून होती. तिने गाईचे दूध कोमट केले, त्यात गुळाचा खडा विरघळवला आणि फडक्याचे टोक बुडवून शिंगराच्या तोंडात धरले. सब्जी घोडी जन्मताना सब्जी नसते; ती काळीभोर असते आणि वर्षागणिक उजळत जाते. चुलीच्या उजेडात ते काळे ओले पोर पाहून शमशुद्दीनने कागद हुडकायला सुरुवात केली, तोच करीमने शिंगराचे तोंड उजेडाकडे वळवले आणि डाव्या डोळ्याखाली बोट ठेवले.

"आसूढाळ," ते हळूच म्हणाले.

घोड्याच्या अंगावरच्या भोवऱ्यांवरून त्याचे शुभाशुभ ठरवण्याची रीत तेव्हा पागेत होती, बाजारात होती, सरदारांच्या दारातही होती. गळ्याखालचा भोवरा भाग्याचा. पण डोळ्यातून आसू ओघळावे तिथे, डोळ्याच्या खाली, केसांचा भोवरा असला तर त्याला आसूढाळ म्हणत. असे जनावर ज्याच्या दारी उभे राहील त्याच्या घरात रडारड होते, अशी समजूत. आसूढाळ घोड्याला गिऱ्हाईक मिळत नसे. पागेत असा घोडा आढळला तर त्याला त्याच दिवशी बाहेर काढत.

"मग आता?" शमशुद्दीनने विचारले.

"आता काय? केसच हाईत. केसाला वळण लावता येतंय." करीमने अंगठा गोडेतेलात बुडवला आणि भोवऱ्यावरून खाली, पुन्हा खाली, असा फिरवत राहिले. मग मागे सरून त्यांनी पाहिले. "घोड्याला वळण लावण्यात माझा जन्म गेला. एवढुशा केसाला घाबरू व्हय?"

ही गोष्ट तिघांखेरीज फक्त केरबाला माहीत होती. केरबा पागेतला मोतद्दार. घोड्यांना खरारा करणारा, दाणावैरण घालणारा. मैनेची सगळी सेवा तोच करणार, त्याच्यापासून लपवणे शक्यच नव्हते. रोज पहाटे खरारा झाला, की करीम येऊन तेलाचा अंगठा तिच्या डाव्या गालावरून फिरवीत. पागेची तपासणी सकाळी असे. अंगठ्याचा परिणाम दुपारपर्यंत टिके. तेवढे पुरे होते.

पुढच्या वर्षी शहरात प्लेग आला. माणसे गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहिली. करीम पागा सोडून जायला तयार झाले नाहीत, आणि शेवटी त्यांना झोळीत घालून न्यावे लागले, त्यानंतर ते फार दिवस जगले नाहीत. त्यांना माती देऊन परतताना केरबा वाटेत थांबला.

"शमूभाई, राग मानू नगासा. पर उस्ताद गेले. त्यो भोवरा…"

"केरबा, प्लेगानं आमची निम्मी गल्ली नेली. त्या सगळ्यांच्या दारात काय आसूढाळ घोडी बांधल्या होत्या?"

केरबाने थोडा विचार केला. "तसं न्हाय म्हणा," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे शमशुद्दीन पागेत पोहोचला, तेव्हा केरबा तेलाची वाटी हातात धरून उभा होता.

करीमची जागा चार महिन्यांसाठी म्हणून शमशुद्दीनने घेतली. मुंबईहून एका चित्रकाराच्या कारखान्यातून बोलावणे आले होते. जागेवर कोणी माणूस मिळाला, की तो जाणार होता. पण पागेतली जनावरे त्याच्या वासाला सरावली, मैना त्याच्यावाचून दाणा खाईना, आणि चार महिने कधी उलटले ते कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. त्याचा दिवस दोन भागांत वाटला गेला. पहाटेपासून जेवणवेळेपर्यंत घोडे. त्यानंतर कोठीच्या ओसरीवर रंग. संध्याकाळी पुन्हा घोडे. त्याच्या कपड्यांना लिदीचा आणि टर्पेंटाइनचा असा मिळून एक तिसराच वास येई, खैरुनबी ते कपडे वेगळे धुई आणि म्हणे, "ह्यो वास आमच्या घरचा. दुसऱ्या कुणाच्या घरात असला तर दावा."

त्या वर्षांबद्दल पुढे तो नेहमी मायेने बोले. सकाळी पंचगंगेवर घोडी पाण्यात घातली, की त्यांच्या पाठीवरून धुके उठे, आणि हातात कागद नाही म्हणून तो हळहळे; दुपारी हातात कुंचला असला, की कुठे तरी घोडा खोकलेला ऐकू येई आणि तो कुंचला ठेवून धावे. त्याला दोन्हीकडे अपुरे पडल्यासारखे वाटे. पुष्कळ वर्षांनी त्याला कळले, की तेच त्याचे सुखाचे दिवस होते.

पागेचे अधिकारी गणपतराव. करीमचे जुने स्नेही, धिप्पाड, मोठ्या आवाजाचे, आणि मनाने त्याहून मोठे. मैना पाच-सहा वर्षांची झाली तेव्हा एका सकाळी ते तिच्यासमोर उभे राहिले. ती आता काळी राहिली नव्हती. पावसाळी ढगासारखी करडी झाली होती.

"शमशुद्दीन, औंदा दसऱ्याला निशाण हिच्यावर. ठरलं."

दसऱ्याच्या मिरवणुकीत दरबारचे निशाण वाहणारा घोडा म्हणजे साऱ्या पागेचा मान. शमशुद्दीन "जी" म्हणाला, आणि त्याचा अंगठा नकळत तर्जनीवर घासला गेला.

"आणि आणखी एक. नव्या पाहुणेबंगल्यात मोठा दिवाणखाना झालाय. तिथं पागेतल्या पाच घोड्यांची चित्रं लावायची. पयली हीच. तू काढणार. पसंत पडली, तर तुला पागेतनं मोकळं करायचं. दरबारचा चित्रकार. बंगल्यामागं एक खोली बी बघून ठेवलीय, उत्तरेकडं मोठी खिडकी हाय. तुमा लोकांस्नी उत्तरेचाच उजेड लागतोय न्हवं?"

उत्तरेचा उजेड! दिवसभर एकसारखा राहणारा तो उजेड मुंबई सोडल्यापासून शमशुद्दीनने पाहिला नव्हता. त्या दिवशी जेवताना त्याने खैरुनबीला खिडकीचा आकार हातांनी दाखवला आणि भाकरी तशीच राहिली.

कोठीच्या ओसरीवर रोज दुपारी केरबा मैनेला आणून उभी करी. पहिले काही दिवस चित्राचा नुसता सांगाडा उभा राहिला. गणपतराव एकदा पाहून गेले, तेव्हा कॅनव्हासवर मान, छाती आणि कानांची जागा एवढेच होते, तरी ते खूश झाले आणि त्यांनी ते जिकडेतिकडे सांगितले. मग शमशुद्दीन मैनेचे तोंड काढू लागला. घोड्याच्या तोंडात काढण्यासारखे फार असते: नाकपुडीचा ओलसर काठ, डोळ्यावरचा खळगा, गालाच्या हाडावरून गेलेली शीर. तो इतका गढून गेला, की केरबा कधी बसल्या जागी डुलकी घेऊ लागला तेही त्याला कळले नाही. दसऱ्याला आठवडा उरला तेव्हा चित्र झाले. गणपतराव दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांना घेऊन ते पाहायला येणार होते.

त्या दुपारी केरबा प्रथमच चित्राच्या तिवईसमोर येऊन उभा राहिला. आधी हसला. मग त्याचे हसू ओसरले.

"शमूभाई, ह्ये काय काढलंसा?"

"काय?"

"ह्यो." केरबाने बोट दाखवले, पण कॅनव्हासला लावले नाही. "आसूढाळ."

शमशुद्दीनने पाहिले. डाव्या डोळ्याखाली, तिरप्या उन्हात, करड्या केसांचे एक लहानसे वर्तुळ होते. एका बाजूला उजळ, दुसऱ्या बाजूला नखभर सावली. तो चित्राकडून मैनेकडे वळला. तिच्या गालावरही तेच वर्तुळ, तसेच, उभे होते. सकाळचे तेल केव्हाच सुकले होते. वर्षानुवर्षे ज्या हाताने तो पहाटे तो भोवरा बसवीत होता, त्याच हाताने, केस उठून येण्याच्या नेमक्या वेळी, त्याने तो रंगवला होता. आणि रंगवताना तो फक्त उजेड बघत होता.

"पाच वर्सं झाकली," केरबा म्हणाला, "आन् आता दिवाणखान्यात टांगणार व्हय? लई भारी! खाली नाव बी लिवा की मोठ्या अक्षरात."

"मला दिसलंच नाही रे."

"दिसलं न्हाय तर काढलंसा कसं? पाहुणे घोड्यातले जाणकार हाईत. पयली नजर तिथंच जाणार."

पुढे काय होईल हे दोघांनाही ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी पागेत सुलतान नावाचा घोडा होता. स्वार पडला, पाय मोडला, आणि मग कोणाच्या तरी ध्यानात आले, की घोड्याच्या पायावर भोवरा आहे. सुलतान पागेतून गेला. काही महिन्यांनी शमशुद्दीन गडमुडशिंगीच्या बाजूला झाडे काढायला गेला असता, खडीच्या गाडीला जुंपलेला एक घोडा त्याला पाहून खिंकाळला. फाटक्या कानावरून त्याने सुलतानला ओळखले. एरवी ओळखण्यासारखे काही उरले नव्हते. त्या दिवशी त्याने झाडे काढली नाहीत.

"बुजवा त्यो," केरबा म्हणाला. "वाईच रंग लावा. कुणाला कळतंय?"

केरबा मैनेला घेऊन गेला. शमशुद्दीनने फळीवर करडा रंग कालवला, कुंचला भरला आणि भोवऱ्यावरून खाली ओढला; वडील अंगठा ओढत तसाच. एका फटकाऱ्यात तो नाहीसा झाला. मग तो चार पावले मागे गेला.

घोडी गेली होती. डोळा होता, नाकपुडी होती, शीर होती. सगळे जागच्या जागी होते, पण मघाशी समोर जे जिवंत जनावर मान वळवून त्याच्याकडे पाहत होते, त्याच्या जागी आता जत्रेतल्या पडद्यावरचा घोडा होता. उजेड गालावरून उतरताना तिथे क्षणभर अडखळत होता, आणि त्या अडखळण्यात तिचा श्वास होता. शमशुद्दीनने इतर ठिकाणी रंग लावून पाहिला, शीर गडद केली, पुन्हा पुसली. ऊन ओसरीच्या कडेला पोहोचले. शेवटी त्याने फडके टर्पेंटाइनमध्ये भिजवले आणि वरचा ओला रंग हळूच टिपून काढला. खालचा थर वाळलेला होता. भोवरा परत आला, आणि त्याबरोबर मैना.

खैरुनबी चहा घेऊन आली तेव्हा तो खाली बसला होता. तिने चित्र पाहिले, मग गालाकडे पाहिले, आणि तिला सगळे कळले.

"उजवीकडनं दुसरं काढता येणार न्हाय?"

"येईल. उद्यापर्यंत नाही. आणि गणपतरावांनी हेच पाहिलंय, हेच ते चार लोकांना सांगत फिरतायत."

"आन् हे असं दिलं तर?"

"खिडकी मिळेल," तो म्हणाला. "हे चित्र पाहून खिडकी नाही कोण म्हणेल? पण मैना दसऱ्याच्या आधी बाहेर."

"आन् बुजवून दिलं तर?"

"तरीही मिळेल, बहुतेक."

"मग?"

"मग त्या खोलीत बसून मी काय काढू, खैरून? एकदा बुजवलं, की हात शिकतो."

खैरुनबीने पदराने बशीचा काठ पुसला. तो स्वच्छच होता. "मला इचारू नगासा," ती म्हणाली. "मी तिला दूध पाजलंय. माझ्याच्यानं नीट सांगणं व्हायचं न्हाय." दाराशी जाऊन ती थांबली. "त्या खोलीला पडदा लावायचा म्हणून मी कापड बघून आलतो. निळं. ऱ्हाऊ दे आता, त्याचं उशीला अभ्रं करीन."

सकाळी गणपतराव दोन पाहुण्यांना घेऊन आले, तेव्हा ओसरीवर तिवई रिकामी होती.

"चित्र कुठाय?"

"बिघडलं, रावसाहेब."

"बिघडलं? दूध हाय व्हय बिघडायला? दाव बघू कसं बिघडलंय."

"पुसून टाकलं."

पाहुण्यांपैकी एकाने मैनेच्या पाठीवर थाप मारली आणि तिची वाखाणणी केली. नुकतेच तेल लागलेला तिचा गाल सकाळच्या उन्हात काचेसारखा गुळगुळीत होता. पाहुणे पुढच्या घोड्याकडे वळल्यावर गणपतराव जवळ आले. त्यांचा आवाज कधी नव्हे इतका खाली उतरला होता.

"तुझ्यासाठी शब्द टाकलाता मी. करीमचा पोरगा म्हणून न्हवं, तुझा हात बघून."

"जी."

"दोन डगरींवर पाय ठेवला, की असंच होतंय. पागा सांभाळ आता. तेवढी तरी नीट सांभाळ."

शमशुद्दीनने मान खाली घातली. गोणपाटात गुंडाळलेले चित्र त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर, गवताच्या पेंढ्यांमागे उभे होते.

दसऱ्याला मैनेवर निशाण चढले. शमशुद्दीन लगाम धरून तिच्या डाव्या अंगाने चालला. रस्ता माणसांनी फुलून गेला होता. नगारे, शिंगे, हत्तींच्या घंटा, आणि पश्चिमेकडे कललेले ऊन नेमके डाव्या बाजूने येत होते. अर्ध्या वाटेत मैनेला घाम फुटला. शमशुद्दीनला न पाहताच कळले: घामाने केस भिजले, की भोवरा उठतो. त्याने हात वर केला, अंगठा ओला केला आणि चालता चालता तिच्या गालावरून फिरवला. थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा. मैनेने कान मागे घेतले नाहीत. उलट गाल किंचित त्याच्याकडे कलता केला.

"बघ, बघ की," गर्दीतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "कसा लाड करतोय! पोटच्या पोरीगत."

सोने लुटून मिरवणूक परतेपर्यंत त्याचा खांदा भरून आला होता. मागे निशाण ताठ उभे होते, आणि कुठेही, काहीही अशुभ झाले नव्हते.

पाहुणेबंगल्यासाठी बाहेरचा एक चित्रकार आला. त्याने घोड्यांचे फोटो घेतले आणि त्यांवरून पाचही चित्रे पुरी केली. त्यात मैनाही होती. चित्रे भिंतीवर चढवायला गडी म्हणून केरबा गेला होता. परत आल्यावर खैरुनबीने त्याला विचारले, कशी आली आहे. "चारी पाय हाईत," केरबा म्हणाला. उत्तरेच्या खिडकीची खोली त्या चित्रकाराला मिळाली. सहा महिन्यांनी तो निघून गेला, आणि मग तिथे जाजमे ठेवू लागले.

शमशुद्दीन पागेतच राहिला. दुपारी तो चित्रे काढी. घाट, ओढे, रंकाळ्याकाठची म्हशींवर बसलेली पोरे, पाठीला पाठ लावून उभी खेचरे. मिळेल त्या कागदावर काढी आणि मागेल त्याला देऊन टाकी. गणपतराव पहिल्यासारखेच मोठ्याने बोलत, पण चित्राचा विषय काढत नसत. मैना वर्षागणिक उजळत गेली. दर हिवाळ्यात तिचे चित्र काढताना शमशुद्दीनला नवा करडा रंग कालवावा लागे, आणि एका वर्षी त्याच्या ध्यानात आले, की आता करडा लागतच नाही. ती पांढरी झाली होती, आणि पांढऱ्यावर तो भोवरा कोणत्याही उजेडात दिसत नव्हता. आता अंगठ्याची काही गरज उरली नव्हती. पण पहाटे तो ठाणाशी गेला, की मैना मान खाली करी, डावा गाल पुढे करी आणि थांबून राही. तो तेल घेई आणि अंगठा फिरवी. त्यानंतरच ती दाण्याला तोंड लावी.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तिने गाल पुढे केला नाही. ती बसली होती आणि उठली नाही. शमशुद्दीन तिच्याजवळ खाली बसला, केरबाने वाटी पुढे केली, आणि त्या दिवशी खरारा न होताच अंगठा फिरला. दुपारपूर्वी ती गेली.

त्यानंतर चित्र बाहेर आले.

ते पाहायला पहिले आले गणपतराव. नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती. काठी टेकत ते दारातून आत आले आणि चित्रासमोर थांबले.

"हे बिघडलेलं?" ते म्हणाले. "हे पुसून टाकलेलं?"

गणपतराव काठीवर रेलून पुढे वाकले. त्यांची नजर जिथे पोहोचायची तिथे पोहोचली, आणि ते तसेच वाकून राहिले.

"आसूढाळ."

"जी."

"निशाण हिच्यावर हुतं."

"जी."

गणपतरावांनी आठवायचा प्रयत्न केला. "त्या वर्सी वाईट काय झालं रे? काहीच न्हाय. पाऊसपाणी बी बरं झालतं." मग ते खाटेवर बसले. "मला सांगायचं हुतंस की."

"सांगितलं असतं, तर तुम्ही तिला घालवली असती."

गणपतराव बराच वेळ काठीची मूठ फिरवत राहिले. "व्हय," ते म्हणाले. "घालवली असती." खैरुनबीने आणलेला चहा पिऊन झाल्यावर ते उठले, पुन्हा एकदा चित्राजवळ गेले आणि जाता जाता म्हणाले, "खिडकी लई मोठी हुती रे, शमशुद्दीन."

"माहीत आहे, रावसाहेब."

केरबा आला तो दुसऱ्या दिवशी पहाटे, पागेच्या वेळेला. काम सुटले तरी त्याची झोप त्याच वेळी उघडे. त्याच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचे पडदे आले होते. भिंत चाचपडत तो चित्राजवळ गेला, नाक लागेल इतका जवळ, आणि दारातून येणाऱ्या कोवळ्या उजेडात त्याला ती हळूहळू दिसली. त्याचा उजवा हात वर गेला, अंगठा जिभेला लागला, आणि पूर्वी हजार वेळा पाहिले होते तसा तो अंगठा मैनेच्या डाव्या डोळ्याखालून सावकाश खाली ओढला गेला. एकदा. दोनदा. वाळलेला रंग हलला नाही. केरबाने मान वाकडी करून पाहिले आणि पुन्हा ओढला.

खैरुनबी पुढे होऊन त्याला थांबवणार होती. शमशुद्दीनने तिचा हात धरला.

"न्हाय बसत, शमूभाई," केरबा म्हणाला.

"नाही बसायचा आता तो. राहू दे."

केरबाने अंगठा धोतराला पुसला. "ऱ्हाऊ दे तर," तो म्हणाला. "आता कोण बघतंय." तो चित्राखालीच भिंतीला पाठ लावून बसला, आणि खैरुनबी चुलीकडे चहाला गेली.